प्रश्न वाचकांचे : एकाआड एक रंग भरताना

गेल्या अंकातील या सदरात पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील टर्टल या चित्रकामाच्या सोयीची (आज्ञेप्रमाणे पडद्यावर फिरत रेघा काढणाऱ्या ‘कासवा’ची) ओळख करून दिली होती. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये आकार काढण्यापेक्षा त्यांत दोन-तीन रंग आलटून पालटून भरण्याविषयीच्या अडचणी अधिक होत्या, म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. छपाईच्या सोयीसाठी आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच मूळ लिपीत टंकावी लागतील.

प्रश्न : मी बी. सी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी आठ वर्तुळे एका ओळीत काढून त्यांत लाल आणि पिवळा रंग एकाआड एक भरायचा आहे. प्रत्येक वर्तुळ भरून झाले की मी दोन अटी तपासते : रंग लाल असेल तर तो पिवळा करावा, आणि रंग पिवळा असेल तर तो लाल करावा. तरीही आठही वर्तुळे लालच येतात. हीच वर्तुळे एकात एक काढून पाहिली, तर फक्त सर्वांत मोठे वर्तुळ दिसते. चूक कुठे आहे? (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : तुमच्या दोन्ही अटी स्वतंत्रपणे पाहिल्या तर बरोबर आहेत, बिघाड आहे तो त्या एकीमागोमाग एक तपासल्या जाण्यात. पहिले वर्तुळ लाल रंगाने भरले गेले, मग पहिली अट खरी ठरली आणि व्हेरिएबलमधील, म्हणजे रंग साठवून ठेवणाऱ्या कप्प्यातील, रंग पिवळा झाला. येथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु संगणक दुसऱ्या अटीपाशी पोहोचतो तेव्हा मघाचा लाल त्याच्या हिशेबी नसतो. त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये जे आहे, म्हणजे पिवळा, तेच तो पाहतो. त्यामुळे दुसरी अटही खरी ठरते आणि पुढचे वर्तुळ सुरू होण्याआधीच रंग पुन्हा लाल होऊन बसतो. याची खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही अटींची जागा आपसांत बदलून पाहा. पहिले वर्तुळ लाल येईल आणि उरलेली सातही पिवळी येतील, कारण आता प्रत्येक फेरीचा शेवट पिवळ्यावर होतो.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे. दुसऱ्या ठिकाणी नवी ‘इफ’ (जर) न लिहिता ‘एल्स’ (नाहीतर) लिहावे. पहिली अट खरी ठरली की ‘एल्स’खालचा भाग वाचलाच जात नाही, आणि एका फेरीत रंग एकदाच बदलतो. मात्र असेच लक्षण दुसऱ्या एका कारणानेही दिसते, आणि पत्रात पूर्ण प्रोग्राम नसल्यामुळे तेही सांगून ठेवतो : ‘रंग = लाल’ ही सुरुवातीची ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या, आत गेली असेल, तर प्रत्येक फेरी लालपासूनच सुरू होते आणि मागच्या फेरीने केलेला बदल पुसला जातो. पायथनमध्ये ओळ लूपच्या आत आहे की बाहेर, हे केवळ डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरते, त्यामुळे ही चूक डोळ्यांना चटकन दिसत नाही.

ही दुरुस्ती केल्यावर तुमची आठ वर्तुळे बरोबर येतील. तरीही माझे मत असे आहे, की रंगाची आठवण ठेवणारे व्हेरिएबल शक्यतो वापरूच नये. टर्टलला आपण आता कुठे आहोत, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि लेखणी कशी आहे एवढेच ठाऊक असते. मागचा आकार कोणत्या रंगाचा होता, याचा विचार ते करत नाही. ही रचना जुनी आहे. १९६७ साली वॉली फोयरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली, त्या भाषेमुळे कासव लोकप्रिय झाले आणि पायथनमधील टर्टल हे त्याच घराण्यातले आहे. मागचे लक्षात ठेवण्याचा भार अशा रीतीने आपल्यावर येत असेल, तर तो टाळण्याची वाट शोधणे शहाणपणाचे ठरते, आणि ती वाट लूपच्या मोजणीतच असते. लूप ० ते ७ असे आकडे मोजतो. त्या आकड्याला २ ने भागून बाकी काढली, म्हणजे ‘क्रमांक % २’ असे लिहिले, की उत्तर ०, १, ०, १ असे आलटून पालटून येते. बाकी ० असेल तर लाल, नाहीतर पिवळा. येथे कोणताही रंग लक्षात ठेवावा लागत नाही, त्यामुळे तो विसरला जाण्याचा किंवा दोनदा बदलला जाण्याचा संभव उरत नाही. पाचवे वर्तुळ कोणत्या रंगाचे, हे त्याच्या आधीची चार वर्तुळे न काढताही सांगता येते.

एकात एक वर्तुळांची गोष्ट वेगळी आहे. टर्टलच्या खिडकीत नंतर भरलेला आकार आधीच्या आकारावर बसतो. तुम्ही लहान वर्तुळापासून सुरुवात करून मोठ्याकडे जात असणार, म्हणून शेवटच्या वर्तुळाने आतली सर्व झाकली. मोठ्यापासून लहानाकडे यावे. त्याचबरोबर हेही लक्षात असू द्यावे, की ‘सर्कल’ ही आज्ञा टर्टलला केंद्र मानत नाही. केंद्र टर्टलच्या डाव्या हाताला त्रिज्येइतके दूर असते. टर्टल उजवीकडे तोंड करून उभे असेल, तर प्रत्येक वर्तुळापूर्वी लेखणी उचलून ते मध्यापासून त्या वर्तुळाच्या त्रिज्येइतके खाली न्यावे लागते. तसे न केल्यास सर्व वर्तुळे तळाशी एकाच बिंदूला चिकटलेली दिसतील. आणखी एक बारकावा : आकारात भरला जाणारा रंग ‘बिगिन फिल’ या भरणे सुरू करणाऱ्या आज्ञेच्या वेळचा नव्हे, तर ‘एंड फिल’ या भरणे संपवणाऱ्या आज्ञेच्या वेळचा धरला जातो. रंग बदलणारी ओळ या दोन आज्ञांच्या मध्ये पडली, तर क्रम एका घराने सरकतो आणि पहिलेच वर्तुळ पिवळे येते.

प्रश्न : बुद्धिबळाचा आठ बाय आठचा पट काढताना मी प्रत्येक घरानंतर रंग उलटवतो. प्रत्यक्षात चौकटींऐवजी उभे पट्टे येतात. माझ्या मित्राने माझाच प्रोग्राम घेऊन आठच्या जागी सात लिहिले, तर त्याचा पट अगदी बरोबर आला. संगणक दोघांना वेगळी वागणूक का देतो? (बारावीतील एक विद्यार्थी, नाशिक रोड)

उत्तर : संगणकाने दोघांनाही सारखेच वागवले आहे, फरक आठ आणि सात या आकड्यांचा आहे. एका ओळीत आठ घरे असतील, तर रंग आठ वेळा उलटतो. सम वेळा उलटलेला रंग जिथून निघाला तिथेच परत येतो, म्हणून दुसरी ओळही पहिल्या ओळीच्याच रंगाने सुरू होते, तिसरीही तशीच, आणि एकाखाली एक सारखे रंग येऊन उभे पट्टे तयार होतात. सात घरांच्या ओळीत रंग विषम वेळा उलटतो, त्यामुळे पुढची ओळ आपोआप विरुद्ध रंगाने सुरू होते. मित्राचा पट बरोबर आला, पण त्याचा प्रोग्राम बरोबर होता असे म्हणता येत नाही. तो सातच्या आधाराने तरून गेला. वर्गात दाखवताना नेमका विषम आकडा निवडला गेला, तर हा दोष कित्येक दिवस लपून राहू शकतो.

बहुतेक जण यावर असा उपाय करतात, की प्रत्येक ओळ संपली की रंग आणखी एकदा उलटवायचा. त्याने आठ घरांचा पट सुधारतो, पण सात घरांचा बिघडतो, आणि मग घरांची संख्या सम आहे की विषम हे तपासणारी नवी अट लिहावी लागते. दुरुस्तीवर दुरुस्ती चढवण्याचा हा मार्ग मला पसंत नाही.

त्याऐवजी प्रत्येक घराचा रंग त्याच्या जागेवरून ठरवावा. ओळींना ० ते ७ आणि रकान्यांनाही ० ते ७ असे क्रमांक द्यावेत आणि ‘(ओळ + रकाना) % २’ ही बाकी पाहावी. एका घरावरून शेजारच्या घरावर, मग ते आडवे असो वा उभे, गेले की दोन्हींपैकी एकच क्रमांक एकाने बदलतो. म्हणून बेरीज समाची विषम किंवा विषमाची सम होते आणि रंग बदलतो. तिरप्या दिशेने गेले तर बेरीज दोनाने बदलते किंवा मुळीच बदलत नाही, म्हणून रंग तोच राहतो. पटावर उंट आपला रंग कधी सोडत नाही तो याचमुळे. हे सूत्र आठ, सात, किंवा आडवी दहा आणि उभी तीन अशा कोणत्याही पटाला एकही अट न वाढवता लागू पडते.

कोणता रंग कुठून सुरू करावा, हेही एकदा नीट ठरवून घ्यावे. बुद्धिबळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताकडील जवळचे कोपऱ्याचे घर पांढरे असते, म्हणजेच डाव्या हाताकडील खालचे घर काळे. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजत असाल तर सम बेरजेला काळा रंग द्यावा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजत असाल तर सम बेरजेला पांढरा द्यावा, कारण आठच्या पटावर तो कोपरा पांढरा असतो. ओळी आणि रकाने दोन्ही शून्याऐवजी एकपासून मोजले तरी काही बिघडत नाही, बेरीज दोनाने वाढते एवढेच; पण एक शून्यापासून आणि दुसरे एकपासून मोजले गेले, तर संपूर्ण पट उलट्या रंगांत येतो आणि कारण शोधण्यात बराच वेळ जातो.

तुमच्याच महाविद्यालयातील आणखी एका विद्यार्थ्याने कळवले आहे, की तोही घरागणिक रंग उलटवतो आणि तरी त्याचा आठचा पट बरोबर येतो. त्याच्या पत्रातील वर्णनावरून कारण स्पष्ट दिसते. त्याचे टर्टल पहिली ओळ डावीकडून उजवीकडे भरते आणि दुसरी उजवीकडून डावीकडे, म्हणजे नागमोडी चालते. अशा चालीत लागोपाठ काढलेली दोन घरे नेहमी एकमेकांना लागूनच असतात, म्हणून रंग उलटवणे कधीच चुकत नाही, मग घरे सम असोत वा विषम. तुमचे टर्टल मात्र प्रत्येक ओळ संपल्यावर पुन्हा डाव्या टोकाला जाते. त्या उडीत शेजार तुटतो आणि रंगाचा हिशेबही तुटतो.

चौसष्ट घरे भरण्याचा कंटाळा येत असेल, तर आधी संपूर्ण पटाएवढा एकच पांढरा चौकोन भरावा आणि त्यावर फक्त ज्यांची बाकी काळ्या रंगाची येते ती ३२ घरे भरावीत. काम निम्म्यावर येते.

प्रश्न : माझ्या प्रोग्राममध्ये खिडकीत जिथे क्लिक करावे तिथला ४० मापाचा चौकोन रंगतो. रंग ठरवण्यासाठी मी क्लिकच्या आडव्या आणि उभ्या अंतराला ४० ने भागून ‘इंट’ने पूर्णांक करतो आणि वरचेच बेरजेचे सूत्र लावतो. बहुतेक ठिकाणी रंग एकाआड एक येतात, पण अगदी मध्यभागी चार घरे एकाच रंगाची होतात. (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, पंचवटी, नाशिक)

उत्तर : तुमचे सूत्र बरोबर आहे, परंतु त्याला मिळणारे घरांचे क्रमांक मध्यभागी चुकतात. टर्टलच्या खिडकीत शून्य मध्यभागी असतो. उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण अंतरे असतात. मध्याच्या उजवीकडे २० अंतरावर क्लिक केले तर २० भागिले ४० म्हणजे ०.५ येते आणि ‘इंट’ त्याचा ० करते. डावीकडे वजा २० वर क्लिक केले तर वजा ०.५ येते, आणि ‘इंट’ दशांश भाग नुसता कापून टाकत असल्यामुळे त्याचाही ० होतो. म्हणजे वजा ४० पासून अधिक ४० पर्यंतचे दोन रकाने एकच क्रमांक घेऊन बसतात. उभ्या दिशेलाही हेच घडते, म्हणून चार घरांचा एकरंगी ठोकळा दिसतो.

‘इंट’च्या जागी पायथनचा दुहेरी तिरप्या रेघेचा (//) भागाकार वापरावा. तो उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेतो, त्यामुळे वजा २० चा क्रमांक वजा १ येतो आणि प्रत्येक रकान्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. ऋण क्रमांकाची बाकीही पायथनमध्ये सरळ वागते : वजा १ ला २ ने भागून बाकी १ येते. हाच प्रोग्राम पुढे सी, जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये उतरवाल तेव्हा मात्र सावध राहावे. त्या भाषांत याच गणिताची बाकी वजा १ येते, आणि ‘बाकी १ आहे का’ अशी अट लिहिलेली असेल तर ऋण बेरजेची विषम घरे सम समजली जातात. ‘बाकी ० आहे का’ एवढेच विचारण्याची सवय ठेवली तर दोन्हीकडे निभावते.

प्रश्न : मी मुलीबरोबर संगणकावर रांगोळीचे फूल काढायला शिकत आहे. पंधरा पाकळ्या केशरी आणि पांढऱ्या अशा एकाआड एक भरल्या, तर शेवटी दोन केशरी पाकळ्या शेजारी येतात. प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. (एक गृहिणी, सिन्नर)

उत्तर : प्रोग्राम तपासून यात काही सापडणार नाही, कारण दोष त्यात नाहीच. ओळीला दोन टोके असतात, फुलाला नसतात. पंधरावी पाकळी पहिलीला येऊन भिडते. पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे पहिली आणि पंधरावी दोन्ही केशरी ठरतात, आणि दोनच रंगांत हे टाळणारी कोणतीही मांडणी अस्तित्वात नाही. हे हाताने काढलेल्या रांगोळीलाही तितकेच लागू आहे. सोपा मार्ग असा, की सोळा पाकळ्या घ्याव्यात आणि प्रत्येक पाकळीनंतर २४ अंशांऐवजी २२.५ अंश वळावे.

पाकळ्या पंधराच हव्या असतील, तर तिसरा रंग घ्यावा आणि क्रमांकाला ३ ने भागून बाकी पाहावी. पंधराला तिनाने निःशेष भाग जात असल्यामुळे सांधा सुरेख जुळतो. मात्र तीन रंग घेतले की कोणतीही संख्या चालते, असे समजू नये. सोळा पाकळ्यांना ३ ने भागले तर १ उरतो, आणि शेवटची पाकळी पुन्हा पहिल्याच रंगाची होते. अशा वेळी तेवढ्या एका पाकळीला मधला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा, रंग द्यावा. सतरा पाकळ्यांना तेवढीही तडजोड लागत नाही, कारण शेवटची पाकळी दुसऱ्या रंगाची येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पहिलाच रंग असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत मुले स्क्रॅचवर (आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याच्या भाषेत) पैठणीच्या काठासारखी त्रिकोणांची रांग काढतात. जांभळा, हिरवा आणि सोनेरी असे तीन रंग यादीत ठेवले आहेत आणि त्रिकोणाच्या क्रमांकाला ३ ने ‘मॉड’ लावून, म्हणजे भागाकाराची बाकी काढून, यादीतला रंग घेतला जातो. परंतु दर तिसरा त्रिकोण भलत्याच रंगाचा येतो आणि सोनेरी तर कधीच येत नाही. (एक शिक्षिका, येवला तालुका)

उत्तर : ३ ने ‘मॉड’ लावले की ०, १ आणि २ याच बाक्या मिळतात, ३ कधीही मिळत नाही. पायथनची यादी शून्यापासून मोजली जाते, त्यामुळे तेथे हे तिन्ही आकडे जसेच्या तसे चालतात. स्क्रॅचची यादी मात्र एकपासून सुरू होते. शून्याव्या जागी तिथे काहीच नसल्यामुळे स्क्रॅच रिकामे उत्तर देते आणि तो त्रिकोण बिघडतो, तर तिसऱ्या जागेवरचा सोनेरी कोणी मागतच नाही. त्रिकोण एकपासून मोजत असल्यास क्रमांकातून १ वजा करावा, मग ‘मॉड’ लावावा आणि आलेल्या बाकीत १ मिळवावा. वजाबाकी न करता नुसता शेवटचा १ मिळवला तरी तिन्ही रंग येतील, मात्र रांग जांभळ्याऐवजी हिरव्यापासून सुरू होईल. ठोकळे एकात एक बसवताना ‘मॉड’चा ठोकळा बेरजेच्या ठोकळ्याच्या आत गेला आहे ना, हे मुलांकडून तपासून घ्यावे, आधी बेरीज आणि मग ‘मॉड’ झाला तर शून्य परत येतो.

लेखणीचा रंग थोडाथोडा सरकवणारा तयार ठोकळा मुलांना फार आवडतो आणि काही शाळांत त्यालाच पर्याय समजले जाते, पण त्याने छटा पुढे सरकत जातात. ठरलेले तीनच रंग फिरून फिरून हवे असतील, तर आपण निवडलेली यादीच योग्य आहे. खालचा आणि वरचा असे दोन काठ काढून त्यांतील रंग समोरासमोर सारखे येऊ नयेत असे वाटत असेल, तर वरच्या काठासाठी ‘मॉड’ लावण्यापूर्वी क्रमांकात आणखी १ मिळवावा. दुसरी यादी करण्याची गरज पडत नाही.